रियाजाचा लेहरा: सांधा न कळता आवर्तनं कशी जोडायची

आमच्या घरी तबल्याचा क्लास दादा घेतो आणि पेटीवर लेहरा मी धरते. क्लासात प्रश्न नसतो. पण मुलं घरी गेल्यावर रियाज कशावर करणार? लेहऱ्याची अॅप आहेत आणि त्यातली काही चांगलीही आहेत. तरी दादाचा आग्रह असा, की ज्या पेटीच्या सुरावर मुलं क्लासात वाजवतात, तोच सूर घरीही कानावर पडावा. म्हणून गेली काही वर्षं मी आमच्या पेटीवरचे लेहरे रेकॉर्ड करते आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांची आवर्तनं एकापुढे एक जोडून २०-२० मिनिटांच्या फायली करते. ते काम इथे सविस्तर लिहिते आहे. तुम्ही तबला शिकवत असाल, शिकत असाल, किंवा भजनाच्या ठेक्यासाठी, नृत्याच्या सरावासाठी असंच काही फिरतं ठेवायचं असेल, तरी रीत हीच.

लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, म्हणजे एका पूर्ण फेरीत, नेमकी बसणारी छोटी सुरावट. तीनतालात १६ मात्रा (ठोके), म्हणजे १६ मात्रांची सुरावट, आणि ती पुन्हा पुन्हा तशीच. तबला वाजवणारा त्यावर पेशकार, कायदे, रेले, तुकडे अशा रचना वाजवतो, कितीही लांब जातो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, परत येतो. लेहरा हे त्याचं घड्याळ. घड्याळच चुकलं तर वाजवणाऱ्याचा हात चुकीचा तयार होतो, आणि तयार झालेला हात मोडणं फार अवघड.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझी पहिली फाइल मी अशी केली होती: चंद्रकंस रागातल्या लेहऱ्याचं एकच आवर्तन घेतलं, समेपासून समेपर्यंत नजरेने कापलं आणि शंभर वेळा चिकटवलं. लय ८० ची होती, मिनिटाला ८० मात्रा, म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि आवर्तन बरोबर १२ सेकंदांचं व्हायला हवं होतं. माझा तुकडा ११.९२ सेकंदांचा निघाला. ऐंशी मिलिसेकंद कमी. ऐकताना मला काही जाणवलं नाही. परीक्षेच्या तयारीतला एक मुलगा त्या फाइलवर रोज तासभर बसला. महिन्याभराने क्लासात त्याची तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) ऐकून दादा थांबला आणि म्हणाला, "हा सोळावी मात्रा खातोय." मुलगा बिचारा बरोबर वाजवत होता, माझ्या फाइलप्रमाणे. तिच्यात प्रत्येक सोळावी मात्रा आखूडच होती. ती सवय जायला त्याला पुढे कितीतरी आठवडे लागले. तेव्हापासून मी लांबी मोजल्याशिवाय एकही फाइल कुणाला देत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल थोडंच

पंखा बंद, खिडकी बंद. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, पेटीपासून हातभर लांब, आणि भात्याच्या बाजूला नाही, कारण भात्याची हवा थेट माइकवर आली की फुसफुस येते. एका कानात इअरफोन घालून मेट्रोनोम (लयीची टिकटिक) लावायचा आणि दुसरा कान पेटीसाठी मोकळा ठेवायचा. मेट्रोनोमशिवाय वाजवलेला लेहरा कानाला जास्त गोड लागतो हे मला मान्य आहे, पण फिरवायच्या कामाला तो उपयोगी नाही.

लेहरा किमान आठ आवर्तनं सलग वाजवा आणि नवव्या समेवर येऊन थांबा. मधे चुकलं तर थांबू नका, पुढे चालू ठेवून आणखी आठ वाजवा. का, ते पुढे कळेल.

फोनचा रेकॉर्डर बहुधा एम४ए फाइल देतो. विंडोजवर ऑडॅसिटीला ती उघडायला एफएफएमपेग नावाची जोड बसवावी लागते. रेकॉर्डरमध्ये वेव्ह फाइलचा पर्याय असेल तर तोच निवडा, म्हणजे ही खटपट वाचेल.

समा शोधणं

फाइल उघडली की पडद्यावर लाट दिसते. प्ले करा आणि डोळे मिटून हाताने ताल धरा. प्रत्येक समेला कंट्रोल आणि एम ही बटणं एकदम दाबा. वाजतं चालूच राहतं आणि त्या जागी खाली एक लेबल पडतं. लेबलात १, २, ३ असे आकडे टाकत जा. आठ आवर्तनांना नऊ समा, म्हणून नऊ लेबलं. बोट कधीच नेमकं पडत नाही, थोडं मागेपुढे होतंच, पण आता कुठे बारकाईने बघायचं हे कळलं. एवढंच या लेबलांचं काम.

आता एखाद्या लेबलापाशी क्लिक करून कंट्रोल आणि १ पुन्हा पुन्हा दाबत जवळ जा. तबल्याची थाप असती तर लाट एकदम उभी चढलेली दिसली असती. पेटीत तसं होत नाही, कारण भाता चालू असतो आणि एक स्वर सुटता सुटता दुसरा लागतो. पण नीट बघितलंत तर बोट बदलताना लाटेला बारीकशी चिमटी बसलेली दिसते. एखादा सेंटिमीटर लाट आक्रसते आणि त्यानंतर तिची नक्षीच बदलते. ती चिमटी म्हणजे कापायची जागा. समेचा स्वर तिच्या उजवीकडे पूर्ण राहिला पाहिजे. समेच्या स्वराच्या पोटात कधीही कात्री लावू नका, कापायचं ते समेच्या आधी. स्वराचं तोंड कापलं गेलं की प्रत्येक फेरीत सम बोथट ऐकू येते, आणि तबल्याला हवी असते ती टोकदार सम.

कुठून कुठपर्यंत घ्यायचं

पहिलं आवर्तन घेऊ नका. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि बहुतेक जण इथेच चुकतात.

पहिल्या समेच्या आधी रेकॉर्डिंगमध्ये शांतता असते. दुसऱ्या समेच्या आधी मात्र सोळाव्या मात्रेचा स्वर असतो आणि त्याची आस (मागे उरलेली गुंज) दुसऱ्या समेत थोडी सांडलेली असते, खोलीतला घुमारा धरून. तुकडा पहिल्या समेपासून सुरू केलात तर त्याच्या तोंडाशी ती आस नाही, आणि शेवट कापल्यामुळे शेवटच्या स्वराची आस पुढे सांडूही शकत नाही. मग फिरताना दर फेरीला एक चाट पडते, जणू कुणीतरी पेटीवर क्षणभर हात ठेवला. तुकडा दुसऱ्या किंवा तिसऱ्या समेपासून घेतला की मागच्या आवर्तनाची आस तुकड्याच्या सुरुवातीलाच बसलेली मिळते आणि सांधा आपोआप बुजतो. तबल्याचा ठेका फिरवायचा असेल तर हे दुप्पट लागू, कारण डग्ग्याचा घुमारा किती वेळ रेंगाळतो हे तुम्हाला माहीतच आहे.

दुसरं, एक आवर्तन नको, चार घ्या. एकच आवर्तन फिरवलं की पट्टीची एखादी बारीक खटखटसुद्धा दर १२ सेकंदांनी त्याच जागी येते आणि दहा मिनिटांत कान तिचीच वाट बघू लागतो. चार आवर्तनांत हाताचे बारीक फरक शिल्लक राहतात. शिवाय कापताना राहिलेली चूक ४८ सेकंदांत एकदाच येते.

बाबा कॅसेटवर लेहरा भरायचे ते मला आठवतं. सी-६० कॅसेट, एका बाजूला ३० मिनिटं, सलग. ८० च्या लयीत ३० मिनिटं म्हणजे १५० आवर्तनं, सगळी हाताने. त्यात दोन आवर्तनं एकसारखी नसायची आणि तरी लय तसूभर हलायची नाही. मी चार आवर्तनं कापते तेव्हा त्यातला थोडासा भाग तरी हाती राहावा, एवढाच हेतू असतो.

लांबीचा हिशेब

हिशेब सोपा आहे. एकूण मात्रा गुणिले ६० भागिले लय. तीनतालाची चार आवर्तनं म्हणजे ६४ मात्रा, ८० च्या लयीत ६४ गुणिले ६० भागिले ८०, म्हणजे ४८ सेकंद. झपताल १० मात्रांचा, त्याचं आवर्तन साडेसात सेकंदांचं, म्हणून मी सहा घेते, ४५ सेकंद. रूपक ७ मात्रांचा, सव्वापाच सेकंद, तो आठ आवर्तनं, ४२ सेकंद. आणि रूपकात सम 'खाली'च्या, म्हणजे टाळी न देता मोकळ्या सोडायच्या, मात्रेवर असते, त्यामुळे लेबल टाकताना कान फसतो. ठेक्यातल्या पहिल्या 'तिं'ला टाका, 'धी'ला नको.

ऑडॅसिटीच्या तळाशी निवडलेल्या भागाची वेळ दाखवणारी पट्टी असते. तिथे 'स्टार्ट अँड लेन्ग्थ' हा पर्याय निवडा आणि आकडे मिलिसेकंदांपर्यंत दिसतील असं मोजमाप लावा. आता दुसऱ्या समेच्या चिमटीपासून सहाव्या समेच्या चिमटीपर्यंत भाग निवडा आणि लांबी वाचा.

क्वचितच बरोबर ४८.००० येते. माझी परवाची आकडेमोड सांगते. दुसरी ते सहावी ४७.९६१ आली. दुसऱ्या समेला माझं बोट थोडं उशिरा पडलं होतं आणि सहाव्या समेला लवकर. मग तिसरी ते सातवी बघितली, ४८.०२७. चौथी ते आठवी ४७.९९६. ही घेतली. चार मिलिसेकंदांचा फरक कुणाच्याही कानाला कळत नाही. म्हणून आठ आवर्तनं वाजवायची, की निवडायला जोड्या मिळतात. कुठलीच जोडी १० मिलिसेकंदांच्या आत बसली नाही तर ताणून बसवत बसू नका. पेटी उघडा आणि परत वाजवा. त्याला वेळ कमी लागतो.

जोडी ठरली की भाग निवडलेला असतानाच झेड दाबा. निवडीची दोन्ही टोकं लाट शून्यावर येते त्या जवळच्या जागी सरकतात. हे कशाला? एका तुकड्याचा शेवट लाट वर असताना झाला आणि पुढच्याची सुरुवात ती खाली असताना झाली, तर स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात वरून खाली उडी मारावी लागते, आणि ती उडी 'टिक्' अशी ऐकू येते. दोन्हीकडे शून्य असलं की उडी नाही. दोन्ही टोकांना लाट खालून वर जातानाच शून्य ओलांडत असेल तर आणखी छान, तेवढं जवळ जाऊन एकदा डोळ्याने बघून घ्या. झेडने लांबी मिलिसेकंदाच्या काही भागाने बदलते, ते चालतं.

लाटेची उंचीही बघा. भाता पूर्ण भरलेला असताना तुकडा सुरू झाला आणि भाता सैल असताना संपला, तर सांध्यावर आवाज एकदम चढतो. अशी जोडी लांबीने कितीही बरोबर असली तरी मी सोडते.

फिरवणं

आधी ऐकून बघा. ट्रान्सपोर्ट मेनूत 'लूपिंग'खाली 'सेट लूप टू सिलेक्शन' आहे, ते करा आणि प्ले करा. एल दाबलं की लूप चालू-बंद होतो. ऐकताना पडद्याकडे पाठ करून बसा. सांधा कुठे आहे हे डोळ्यांना दिसत असलं की कान तिथेच काहीतरी शोधतो आणि नसलेला खटका ऐकतो. मी दादाला फक्त टाळी-खाली धरायला सांगते, सांध्याबद्दल काही सांगत नाही. त्याचा हात अडखळला नाही की काम झालं.

आता खरं गुणाकाराचं काम. तुकडा बाहेर काढू नका. मूळ रेकॉर्डिंगमध्ये जागच्या जागी निवडलेला ठेवा आणि इफेक्ट मेनूतून 'रिपीट' उघडा. तो विचारतो किती वेळा आणखी जोडायचं. 'आणखी' हा शब्द लक्षात ठेवा. २४ लिहिलं तर मूळ एक धरून २५ होतात, आणि ४८ सेकंदांचे २५ तुकडे म्हणजे बरोबर २० मिनिटं. खाली नवी लांबी लिहून येते, ती वाचूनच पुढे जा. या प्रती निवडलेल्या भागाच्या लगेच पुढे घुसतात आणि त्यापुढचं सगळं उजवीकडे सरकतं. याचा मोठा फायदा असा, की तुमच्या रेकॉर्डिंगची खरी सुरुवात आणि खरा शेवट जागेवर राहतो. फाइल सुरू होते तेव्हा तुम्ही वाजवलेली पहिली आवर्तनं येतात, मग फिरणारा भाग, मग शेवटची आवर्तनं आणि नववी सम. मुलाला सुरुवातीला लय पकडायला वेळ मिळतो आणि शेवट अर्ध्यावर तुटत नाही.

रिपीट न वापरता कॉपी-पेस्टनेही होतं, पण तिथे दोन खड्डे आहेत. कंट्रोल-व्ही केल्यावर नुकता चिकटवलेला भाग निवडलेलाच राहतो. तुम्ही लगेच पुन्हा कंट्रोल-व्ही केलंत तर नवा भाग त्याच्या जागी बसतो, पुढे नाही. दहा वेळा दाबूनही लांबी तेवढीच. म्हणून प्रत्येक वेळी आधी के दाबा, कर्सर ट्रॅकच्या शेवटाला जातो, आणि मग चिकटवा. अर्थात यासाठी तुकडा वेगळ्या ट्रॅकवर असायला हवा, नाहीतर शेवट म्हणजे तुमची नववी सम. दुसरा खड्डा कंट्रोल-डी. त्याला डुप्लिकेट म्हणतात म्हणून मुलं तेच दाबतात. पण ती प्रत नव्या ट्रॅकवर, त्याच वेळेवर, मूळ तुकड्याच्या बरोबर खाली येते. मग दोन्ही एकदम वाजतात आणि आवाज फक्त मोठा होतो. मी कंट्रोल-डी एकाच कामाला वापरते: काही कापण्याआधी मूळ रेकॉर्डिंगची प्रत खाली काढून ती म्यूट करून ठेवायची.

याच साधनाने तिहाई शिकवणं

हे लेहऱ्याबाहेरचं आहे, पण मुलांना इतकं आवडतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'तिट कत गदि गन धा' हा तुकडा दुगुणीत (एका मात्रेत दोन अक्षरं) वाजवला की चार मात्रा आणि पाचव्या मात्रेवर धा. त्यापुढे एक मात्रा रिकामी. झाल्या सहा मात्रा, ८० च्या लयीत साडेचार सेकंद. तेवढाच भाग नेमका ४.५०० सेकंद निवडा आणि रिपीटमध्ये २ लिहा. आता हा तीनपट तुकडा लेहऱ्याच्या खालच्या ट्रॅकवर समेपासून ठेवा. पहिला धा पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्या, आणि तिसरा सतराव्या, म्हणजे पुढच्या समेवर. मुलांना पडद्यावर तीन सारखे डोंगर दिसतात आणि तिसऱ्याचं शिखर समेच्या लेबलावर टेकलेलं दिसतं. पाटीवर कितीदा लिहून दाखवलं तरी जे एका मुलीच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते तिने पडद्यावर बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "ताई, मग रिकामी मात्रा काढली तर तिहाई तिसऱ्या मात्रेपासून उचलावी लागेल." बरोबर. पाच त्रिक पंधरा, तिसरी ते सतरावी. त्या दिवशी क्लास संपल्यावरही ती बसून राहिली होती.

लय आणि सूर बदलायचा असेल तर

मी ६०, ८०, ११० आणि १५० या लयी वेगवेगळ्या वाजवून ठेवल्या आहेत. मधल्या लयी 'चेंज टेम्पो'ने काढते. त्यात सूर तोच राहून लय बदलते. 'चेंज स्पीड' वापरू नका, त्यात लयीबरोबर सूरही चढतो. साधारण दहा टक्क्यांपर्यंत पेटी नीट ऐकू येते. त्यापुढे स्वर पाण्याखालून आल्यासारखा लागतो आणि तसा लेहरा मी मुलांना देत नाही.

इथे एक काळजी घ्यायची. चेंज टेम्पो तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडा धुरळा उडवतो, म्हणजे तुम्ही मेहनतीने केलेला सांधा बिघडतो. म्हणून आधी तुकडा तीनदा करा, लय बदला आणि मग मधला तुकडा कापून घ्या. ८० वरून ८८ केली तर चार आवर्तनांची लांबी ४३.६३६ सेकंद येते. हा आकडा लांबीच्या चौकटीत टाइप करायचा, सुरुवात दुसऱ्या तुकड्याच्या समेच्या चिमटीवर धरायची, झेड दाबायचं, आणि या एका तुकड्यावर रिपीट लावायचा. २० मिनिटांची फाइल करून मग लय बदलायला जाऊ नका.

सुराचंही तसंच. माझी पेटी पांढरी एकमध्ये वाजवलेली असेल आणि मुलाचा तबला काळी एकला मिळवलेला असेल, तर 'चेंज पिच'मध्ये एक सेमीटोन वर. दोन सेमीटोनच्या पुढे पेटीचा सूर नाकातून येतो. त्यापेक्षा त्या सुरात पुन्हा वाजवलेलं बरं.

तानपुऱ्याचा सांधा

तानपुरा फिरवताना वरची रीत अपुरी पडते. पेटीत स्वर संपतो आणि दुसरा लागतो, तिथे चिमटी मिळते. तानपुऱ्यात एका तारेची आस विरायच्या आत पुढची तार छेडलेली असते, त्यामुळे शांत जागा कुठेच नाही. कुठेही कापलं तरी टोकं जुळत नाहीत.

यासाठी एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. सहा-सात फेऱ्यांचा भाग घ्या, पंचमाची तार छेडायच्या जरा आधी सुरू होऊन तसाच संपणारा, आणि रेकॉर्डिंगच्या मधला. तो नव्या ट्रॅकवर ठेवा. आता त्याच्या मधोमध कुठेतरी क्लिक करून कर्सर ठेवा आणि तिथपासून शेवटापर्यंतचा भाग शिफ्ट आणि के दाबून निवडा. कंट्रोल-एक्सने तो उचला, जे दाबून ट्रॅकच्या सुरुवातीला जा आणि कंट्रोल-व्ही. मागचा अर्धा भाग पुढे आला. आता बघा काय झालं: या नव्या तुकड्याची सुरुवात आणि शेवट मूळ रेकॉर्डिंगमध्ये एकमेकांना लागूनच होते, एकाच जागी कापल्यामुळे. म्हणून हा तुकडा फिरला की बाहेरचा सांधा मुळातच अखंड असतो, तिथे काहीही करायला नको. बिघडलेला सांधा आता मध्यभागी आला, तुमच्या हाताखाली. त्याच्या दोन्ही बाजूंना सारखं थोडं थोडं निवडा, मिळून दशांश सेकंदभर, आणि 'क्रॉसफेड क्लिप्स' लावा. एक आवाज उतरत जातो, दुसरा त्याच वेळी चढतो आणि तारा एकमेकींत मिसळतात.

क्रॉसफेडने तुकडा थोडा आखूड होतो. तानपुऱ्याला मात्रा नसतात, तिथे काही बिघडत नाही. लेहऱ्यात ती चैन नाही, म्हणून लेहऱ्याच्या सांध्याला क्रॉसफेड लावू नका, तिथे चिमटीच शोधा.

लेहऱ्याखाली तानपुरा ठेवायचा असेल तर दोघांची लांबी सारखी करायच्या मागे लागू नका. तानपुऱ्याची फेरी लेहऱ्याच्या आवर्तनाशी जुळली की पंचम दरवेळी त्याच मात्रेवर पडतो आणि मुलं नकळत त्याच्यावर मात्रा मोजायला लागतात. ४८ सेकंदांच्या लेहऱ्याखाली ३१-३२ सेकंदांचा तानपुरा मला बरा वाटतो.

फाइल देताना

२० मिनिटांची फाइल एमपी३ केली तर चालते. १२८ च्या दर्जाला ती साधारण १९ एमबी होते, तीच मोनो वेव्ह १०० एमबीच्या वर जाते. पण कुणाला फक्त ४८ सेकंदांचा तुकडा हवा असेल, फोनवर रिपीट लावून ऐकायला, तर एमपी३ देऊ नका. एमपी३ बनवताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता आपोआप जोडली जाते. प्लेअरने ती गाळली नाही तर दर फेरीला मात्रा लांबते, म्हणजे माझ्या पहिल्या फाइलच्या उलटी चूक. असा तुकडा वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये द्या, फक्त निवडलेला भाग एक्स्पोर्ट करून. काही प्लेअर स्वतःच दोन फेऱ्यांमध्ये क्षणभर थांबतात, त्याला आपला इलाज नाही. अशा मुलांना मी मोठीच फाइल देते.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून जोडा. ऑडिओ म्हणून पाठवली तर समोरच्याच्या फोनमध्ये आपण दिलेलं नाव पुसलं जातं आणि तारीख-आकड्यांचं कुठलंतरी नाव येतं. मग आठ दिवसांनी ८० चा लेहरा कुठला आणि ८८ चा कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. मी नावातच सगळं लिहिते: ताल, राग, लय, सूर, मिनिटं. तीनताल-चंद्रकंस-८०-काळी१-२०मि.